आपल्या गल्लीतली हवा कशी मोजायची: प्रदूषक, त्यांचे उगम आणि मोजणीची पद्धत

हवेचे नमुने घेण्याच्या कामाला मी लागलो, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी यंत्रात लावलेला काचतंतूंचा फिल्टर पेपर दुधासारखा पांढरा होता. आठ तासांनी तो काढला, तर राखाडी झालेला. चौकटीखाली दबलेली कडेची पट्टी मात्र तशीच पांढरीशुभ्र. त्या गच्चीवर मी दिवसभर वावरलो होतो, डबा खाल्ला होता आणि हवा चांगली आहे असंच समजत होतो. तो कागद हातात धरल्यावर कळलं, की डोळ्यांना आणि नाकाला या कामात फारसं विचारायचं नसतं.

आता प्रत्येकाच्या फोनवर हवेचा आकडा दिसतो. हिवाळा आला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) १८०!’ असे संदेश फिरतात आणि दोन दिवसांनी विषय मागे पडतो. या आकड्यावरून करण्यासारखं काही हाती लागत नाही, कारण त्यामागचे तीन प्रश्न कुणी विचारत नाही: कोणता प्रदूषक? किती वाजता? कुठून? या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या गल्लीपुरती तरी कशी मिळवायची, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: कोण कोण आहे हवेत, ते ओळखा

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं नव्याने जाहीर केली. त्यात बारा प्रदूषक आहेत: दोन आकारांचे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझिन, बेंझोपायरिन, शिसं, आर्सेनिक आणि निकेल. शेवटचे चार कणांना चिकटून फिरतात आणि ते प्रयोगशाळेतच मोजावे लागतात. सामान्य माणसाला रोज भेटतात ते पहिले सहा-सात.

धूलिकणांपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या बहुतेक शहरांत खरा त्रास त्यांचाच आहे. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. मोठे कण नाकात, घशात अडकतात, शिंकेबरोबर, खाकऱ्याबरोबर बाहेर पडतात. पीएम २.५ थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातो आणि त्यातले अतिसूक्ष्म कण पुढे रक्तात उतरतात. म्हणून मानकंही वेगळी आहेत: २४ तासांच्या सरासरीसाठी पीएम १० ला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम २.५ ला ६०. वर्षाच्या सरासरीसाठी अनुक्रमे ६० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मार्गदर्शक पातळी यापेक्षा खूपच कडक आहे. पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी फक्त ५. आपलं मानक पाळलं गेलं म्हणजे हवा निर्धोक झाली असं नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

दोन्ही आकारांचे उगम वेगळे, आणि पुढे उगम शोधताना हाच धागा सर्वांत कामाला येतो. दळणातून, खणण्यातून, घासण्यातून येते ती जाड धूळ: रस्त्याकडेची माती, खडी क्रशर, आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवणारा कारखाना), बांधकामाचं सिमेंट, उघड्या ट्रकमधली वाळू. जळण्यातून येतो तो बारीक कण: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, उसाचं पाचट. शिवाय बारीक कण हवेतही तयार होतात. चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड आणि गोठ्यांतून, युरियातून, सांडपाण्यातून उठणारा अमोनिया हे एकत्र येऊन अमोनियम सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. चिमणीतून वायू म्हणून निघालेली गोष्ट शंभर किलोमीटरवर कण म्हणून श्वासात येऊ शकते ती अशी.

सल्फर डायऑक्साइड हा कोळशाचा आणि जड इंधन तेलाचा वायू. शहरातल्या वाहनांतून तो आता फारसा येत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या नव्या मानकाच्या इंधनात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भागांवर आलं, आधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० होतं. चंद्रपूरसारख्या ठिकाणी मात्र कोळसा खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि सिमेंट कारखाने एकाच टापूत आहेत, तिथे या वायूकडे लक्ष ठेवावंच लागतं.

नायट्रोजन डायऑक्साइड हा रहदारीचा माणूस. इंजिनात तापमान इतकं वाढतं, की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. त्यामुळे इंधन कितीही शुद्ध असलं तरी हा वायू निघतोच. जनरेटर, बॉयलर, गॅसची शेगडी यांतूनही निघतो.

ओझोन कुठल्याही चिमणीतून थेट निघत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, थिनर, रंग यांच्या वाफा यांवर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. म्हणून त्याचं शिखर दुपारी, आणि उन्हाळ्यात जास्त. गजबजलेल्या चौकात तो उलट कमी असतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. शहराबाहेरच्या, झाडीतल्या, ‘शुद्ध हवेच्या’ वस्तीत दुपारी ओझोन जास्त मिळाला तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल बाहेरच्या हवेपेक्षा घरातल्या हवेचं सांगायला हवं. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी आणि न्हाणीघरात आत बसवलेला गॅस गीझर, या दोन गोष्टींनी माणसं दगावतात. दगावण्याआधी फक्त डोकं जड होतं आणि झोप येते. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. तो आतच असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर आधी त्याची व्यवस्था करा, मोजणी नंतर.

बेंझिन पेट्रोल पंपावर, तेलशुद्धीकरणाच्या टाक्यांभोवती आणि वाहनांच्या धुरात असतं आणि ते कर्करोगकारक आहे. शिशाची कथा मात्र आशा वाटावी अशी आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं आणि हवेतलं शिसं झपाट्याने उतरलं. आता ते मुख्यतः जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांभोवती सापडतं.

दुसरी पायरी: सरकारी आकडा उलगडायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप फोनवर घ्या. मुंबई आणि पुण्यातल्या वाचकांना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ‘सफर’ ही प्रणालीही आहे, तिचा अंदाजही मिळतो. आपल्या घराजवळचं केंद्र कोणतं, ते किती किलोमीटरवर आहे, चौकात आहे की कार्यालयाच्या आवारात, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघून या. आकड्याचा अर्थ त्या जागेवर अवलंबून असतो.

एक्यूआय २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषक धरतात आणि प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात. जो सर्वांत मोठा, तोच त्या दिवसाचा एक्यूआय. बेरीज नाही, सरासरीही नाही. किमान तीन प्रदूषकांची नोंद हवी आणि त्यांत धूलिकणांचा एक प्रकार असलाच पाहिजे.

हे स्वतः एकदा करून बघा. समजा २४ तासांची सरासरी अशी आहे: पीएम २.५ चं प्रमाण ७५ मायक्रोग्रॅम, पीएम १० चं १४०, नायट्रोजन डायऑक्साइडचं ५५. पीएम २.५ साठी ६० ते ९० हा टप्पा १०० ते २०० या निर्देशांकाला जुळतो. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमला १०० गुण. ७५ हे ६० च्या वर १५ आहे, म्हणून ५० गुण वाढले आणि उपनिर्देशांक झाला १५०. पीएम १० साठी १०० ते २५० हा टप्पा १०० ते २०० ला जुळतो. १४० म्हणजे ४० जास्त, त्याचे साधारण २७ गुण, उपनिर्देशांक १२७. नायट्रोजन डायऑक्साइडचा ४० ते ८० हा टप्पा ५० ते १०० ला जुळतो, त्याचा येतो ६९. त्या दिवसाचा एक्यूआय १५०, वर्ग ‘मध्यम’, आणि मुख्य प्रदूषक पीएम २.५. बाकीचे वर्गही लक्षात असू द्या: ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट, त्यापुढे तीव्र.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं म्हणजे परदेशी ॲप. त्यातली बरीचशी अमेरिकी निर्देशांक दाखवतात. पीएम २.५ चे तेच ३५ मायक्रोग्रॅम आपल्या पद्धतीत ५८ दिसतात आणि अमेरिकी पद्धतीत ९९. ग्रुपवर दोघे जण दोन आकडे टाकून भांडतात तेव्हा दोघांचंही बरोबर असू शकतं. म्हणून निर्देशांक बाजूला ठेवून मायक्रोग्रॅम बघायची सवय लावा.

दुसरी फसगत जास्त गंभीर आहे. केंद्रीय मंडळ रोज दुपारी ४ वाजता आधीच्या २४ तासांच्या सरासरीवरून आकडा जाहीर करतं. समजा तुमच्या गल्लीत पीएम २.५ दिवसभर ४० आहे, पण पहाटे तासभर कुणीतरी कचरा पेटवतं आणि तेवढ्या वेळात तो ३०० वर जातो. २४ तासांची सरासरी येईल ५१, म्हणजे ६० च्या मानकाच्या आत, वर्ग ‘समाधानकारक’. पण त्याच तासात तुमच्या घरातले आजोबा फिरायला बाहेर पडलेले असतात. त्यांच्या फुप्फुसाने सरासरी घेतलेली नसते. म्हणून तासागणिक आकडे बघा. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून केंद्रनिहाय, प्रदूषकनिहाय जुनी माहिती उतरवून घेता येते आणि ती साध्या एक्सेलमध्ये उघडते.

तिसरी पायरी: अधिकृत मोजणी कशी होते ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका. खरी मोजणी किती निगुतीने करावी लागते हे कळलं, तर स्वस्त यंत्रावर किती विश्वास ठेवायचा हे आपोआप कळतं.

हाताने करायच्या पद्धतीत रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर वापरतात. टिनाची उतरती टोपी असलेली पेटी, आत व्हॅक्यूम क्लीनरसारखी घरघरणारी मोटर. हवा आत खेचली, की सायक्लोन नावाच्या नळकांड्यात गरगर फिरून जाड धूळ खालच्या कपात पडते आणि पीएम १० फिल्टर पेपरवर अडकतो. फिल्टर आधी ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत २४ तास ठेवून मगच तोलायचा, कारण कागद हवेतला ओलावा धरतो आणि आपल्याला जे वजन शोधायचं ते ग्रॅमच्या हजाराव्या भागांत असतं. हातमोजा न घालता कागद उचलला, तर बोटाचा घामही वजनात येतो.

एक नमुना मांडून दाखवतो. कोऱ्या कागदाचं वजन २.५२१० ग्रॅम. आठ तासांनी, पुन्हा तसाच वाळवून घेतलेलं वजन २.५७९० ग्रॅम. फरक ०.०५८० ग्रॅम, म्हणजे ५८,००० मायक्रोग्रॅम. हवेचा वेग सुरुवातीला मिनिटाला १.२ घनमीटर, शेवटी १.१, कारण कागद धुळीने भरत जातो तसा प्रवाह मंदावतो. सरासरी १.१५. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, म्हणून एकूण हवा ५५२ घनमीटर. ५८,००० भागिले ५५२, उत्तर १०५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. असे आठ-आठ तासांचे तीन कागद मिळून एक दिवस होतो. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस, असं हे काम चालतं. भर उन्हात, रात्री दोन वाजता शिडी चढून कागद बदलणारी माणसं या आकड्यांमागे असतात. त्यांचं नाव कुठल्याच तक्त्यात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वायूंसाठी त्याच यंत्राला काचेच्या बारीक नळ्या जोडतात, त्यांना इम्पिंजर म्हणतात. त्यांत द्रावण भरून त्या बर्फात ठेवायच्या आणि द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडायचे. द्रावण वायू शोषून घेतं, मग प्रयोगशाळेत त्यात रंग आणणारी रसायनं घालून रंगाचा गडदपणा मोजतात. पॅरारोझॅनिलीनने सल्फर डायऑक्साइडला जांभळट रंग येतो आणि तो ५६० नॅनोमीटरवर वाचतात. नायट्रोजन डायऑक्साइडची गुलाबी छटा ५४० वर. ही रसायनं विषारी आहेत, एकात पारा आणि दुसऱ्यात आर्सेनिक असतं. शाळेच्या प्रकल्पासाठी कुणी ही पद्धत सुचवली तर सरळ नकार द्या.

स्वयंचलित केंद्रांत हे सगळं यंत्रच करतं. धूलिकणांसाठी कागदी फितीवर धूळ जमवून तिच्यातून बीटा किरण सोडतात, जितके अडले तितकी धूळ. कार्बन मोनॉक्साइड अवरक्त किरण शोषतो, ओझोन २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषतो, सल्फर डायऑक्साइड अतिनील प्रकाशात चमकतो, नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ पडली की प्रकाश निघतो. यंत्रं महाग आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी आकडे ताडून बघणं, वेळच्या वेळी लागणारी. काही केंद्रांवर वायूचे आकडे पीपीबीमध्ये, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग, असे दिसतात. त्यांना मायक्रोग्रॅममध्ये आणायला नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १.८८ ने, ओझोनसाठी १.९६ ने, सल्फर डायऑक्साइडसाठी २.६२ ने गुणा.

चौथी पायरी: स्वतःचं यंत्र, योग्य जागी

घरगुती मोजणीसाठी माझा स्पष्ट सल्ला: फक्त पीएम २.५ मोजा. काही हजारांत मिळणाऱ्या लेझर सेन्सरमध्ये छोटा पंखा हवा ओढतो, कणांवर प्रकाश पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र वजनाचा अंदाज करतं. लक्षात घ्या, ते तोलत नाही, अंदाज करतं. पीएम २.५ साठी हा अंदाज उपयोगी पडतो. त्याच यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या पीएम १० वर भरवसा ठेवू नका, जाड कण त्याच्या हाती नीट लागत नाहीत. स्वस्त यंत्रांतले वायूंचे सेन्सर तर तापमान-आर्द्रतेबरोबर इतके हलतात, की नुसती दिशाभूल होते. आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर हा खोलीत हवा किती खेळती आहे ते सांगतो, बाहेरचं प्रदूषण नाही.

या सेन्सरचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र त्यांना मोठं समजतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात, किंवा नाशिकला धुक्याच्या पहाटे, आकडा खोटा चढलेला दिसेल. त्यासाठी शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक शेजारी टांगा आणि त्याचीही नोंद करा.

जागेबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. एका गावातल्या शाळेच्या गच्चीवर आम्ही सॅम्पलर बसवला होता. दोन दिवस पीएम १० चे आकडे भलतेच चढे आले आणि ते फक्त सकाळच्या कागदावर. आम्ही गावाजवळच्या खडी क्रशरचं नाव जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून गच्चीवर बसून राहिलो. साडेदहाला खिचडीचा वास आला आणि कठड्यापलीकडे खाली पाहिलं, तर पोषण आहाराच्या चुलीचं धुराडं बरोबर आमच्या यंत्राखाली. यंत्र गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं आणि सकाळचा कागद दुपारच्या कागदासारखाच येऊ लागला. क्रशरवर विनाकारण ठपका ठेवणार होतो.

तेव्हा नियम असे. यंत्र जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याची गॅलरी उत्तम. तीन बाजूंनी वारा मोकळा हवा. झाडाच्या फांदीखाली नको, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ नको, एसीच्या बाहेरच्या पेटीजवळ नको, उदबत्ती लावता त्या खिडकीत तर नकोच. ऊन आणि पाऊस थेट लागू नये, पण डब्यात कोंडूही नये.

जागा ठरण्याआधी एक काम आवर्जून करा. परवानगी मिळत असेल तर सरकारी स्वयंचलित केंद्राच्या आवारात, नाहीतर त्याच्या जवळात जवळ राहणाऱ्या ओळखीच्या घरी, तुमचं यंत्र दोन आठवडे ठेवा. दोघांचे तासागणिक आकडे शेजारी-शेजारी मांडा. तुमचं यंत्र सातत्याने दीडपट दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही, पुढे दीडने भागा. पण कधी दीडपट, कधी निमपट असं होत असेल, तर ते यंत्र कामाचं नाही. शक्य असेल तर दोन घरांनी एकाच बनावटीची दोन यंत्रं घ्यावीत. एक बिघडलं की दुसरं चहाडी करतं.

पाचवी पायरी: नोंदवही आणि उगमाचा शोध

यंत्र आकडे साठवतं, पण कारणं साठवत नाही. ती वहीत लिहावी लागतात. दोनशे पानी वही घ्या, रोज एक पान. वेळ, पीएम २.५, आर्द्रता, वारा कुठून येतोय आणि डोळ्यांना काय दिसलं, नाकाला काय जाणवलं. वाऱ्याच्या दिशेसाठी गॅलरीच्या गजाला रेशमी दोऱ्याचा वीतभर तुकडा बांधा, तेवढा पुरतो. पहिले पंधरा दिवस कुठलाही निष्कर्ष काढू नका, नुसतं लिहा.

पंधरा दिवसांनी प्रत्येक तासाची सरासरी काढा आणि आलेख मांडा. आकार बोलू लागतो. रात्री उशिरापासून सकाळी आठ-नऊपर्यंत रुंद, सपाट उंचवटा दिसला, तर तो हिवाळ्यातल्या हवेच्या झाकणाचा परिणाम. थंड हवा जमिनीलगत अडकते, वर गरम थर बसतो आणि शहराचा सगळा धूर त्याखाली साचतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. हे तुमच्या गल्लीचं एकटीचं नाही, जवळच्या सरकारी केंद्रावरही तसंच दिसेल. पण तुमच्याकडे टोकदार सुळका आणि सरकारी केंद्रावर त्या वेळी काहीच नाही, असं असेल तर उगम हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात-आठ असे दोन सुळके म्हणजे बहुधा रहदारी. खात्रीसाठी त्याच वेळी जवळच्या केंद्रावर नायट्रोजन डायऑक्साइड वाढला का ते बघा. फक्त रात्री अकराला वाढतो? मग तंदूर, बेकरीची लाकडाची भट्टी, जनरेटर, किंवा अंधारात पेटवलेला कचरा. वाऱ्याचा दोरा एका दिशेला असतानाच सुळका येत असेल, तर त्या दिशेला चालत जा.

सरकारी केंद्राच्या आकड्यांवरून आणखी एक गणित करा: पीएम २.५ भागिले पीएम १०. उत्तर ०.४ च्या खाली असेल तर जोर धुळीचा, म्हणजे रस्ते, बांधकाम, खडी. ०.६ च्या वर असेल तर जळण्याचा. हा ढोबळ नियम आहे, पुरावा नव्हे, पण रस्त्यावर पाणी मारायचं की भट्ट्यांचं इंधन बदलायचं, या वादात तो पुष्कळ प्रकाश टाकतो. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटलं की हे गुणोत्तर वर सरकताना दिसतं, आणि एप्रिल-मेच्या वावटळीत खाली येताना.

दिवाळीची नोंद वेगळ्या पानावर ठेवा. आदल्या आठवड्याची, त्या चार दिवसांची आणि नंतरच्या आठवड्याची. ती वर्षाच्या सरासरीत मिसळली तर सगळा आलेख बिघडतो.

सहावी पायरी: कागद घेऊन दारात जा

आकडा घेऊन भांडायला जाऊ नका, वही घेऊन बोलायला जा. ‘इथे फार प्रदूषण आहे’ या वाक्याला कुठलंच कार्यालय उत्तर देत नाही. ‘१ ते १५ डिसेंबर या काळात पंधरापैकी अकरा दिवस सकाळी सहा ते सात या वेळेत पीएम २.५ आजूबाजूच्या तासांच्या चौपट होता, वारा पूर्वेकडून होता, पूर्वेला अमुक ठिकाणी उघड्यावर कचरा जळताना दिसला, सोबत फोटो’ या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी आहे, त्याची तक्रार महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे. कारखाना, क्रशर, आरएमसी प्लांट असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, १९८१ च्या हवा कायद्याचा उल्लेख करून. तुमच्या यंत्राचा आकडा कायदेशीर पुरावा ठरणार नाही. तो मंडळाला ‘इथे येऊन तुमच्या यंत्राने मोजा’ असं सांगण्यासाठी आहे. अर्जात तसंच स्पष्ट लिहा, अर्जाचं वजन वाढतं.

आणि काही बदल झाला की पुन्हा पंधरा दिवस मोजा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

आमच्याच सोसायटीत सकाळी सहाचा सुळका होता. शोधत गेलो तेव्हा मागच्या भिंतीपाशी झाडलोट करणाऱ्या मावशी वाळलेला पाला पेटवताना सापडल्या. त्यांना बोलण्यात काही अर्थ नव्हता. घंटागाडी पाला घेत नाही, आणि ढीग राहिला तर बोलणी त्यांनाच बसतात. आम्ही कोपऱ्यात सहा फूट बाय चार फुटांचा, जाळी लावलेला पाल्याचा हौद केला, वर शेणाचं पाणी शिंपडायला सुरुवात केली. जानेवारीत पुन्हा पंधरा दिवस मोजलं. सहाचा सुळका गेला होता. तो गेल्यावर त्याच्या सावलीत दडलेला साडेसातचा लहान उंचवटा दिसू लागला, फक्त शाळेच्या दिवशी, रविवारी नाही. फाटकापाशी तीन स्कूल बस इंजिन चालू ठेवून मुलांची वाट बघतात, त्या वेळेचा. चालकांशी बोलणं झालं आहे, सोमवारपासून वहीचं नवं पान सुरू होईल.